नाव सांगेल त्याला घास

रिहाब सासूशी फोनवर खोटं बोलायची, असं म्हणणं जरा कठोर होईल. जे पुढे कधीतरी खरं होणार होतं, ते ती आधीच बोलून टाकायची, इतकंच. "मुलं अरबी बोलतात ना गं?" असं सासूने तुर्कस्तानातल्या मेर्सिनहून विचारलं, की ती तिकडच्या रीतीने सासूला मावशी म्हणत सांगायची, "पोपटासारखी, मावशी!" आणि मुलांना पकडून कॅमेऱ्यासमोर उभं करायची. सहा वर्षांची जूरी हात हलवून "तेता, बहिब्बिक" म्हणायची. आजी, तू मला आवडतेस. चार वर्षांचा तैम तेवढंही न बोलता पडद्याला नाक लावायचा. त्यापुढे आजी काही विचारणार, एवढ्यात रिहाब "नेट गेलं वाटतं" म्हणून फोन बंद करायची. बुखारेस्टच्या कोलेंतिना भागातल्या त्यांच्या इमारतीत नेट कधी जात नसे. ते फक्त सासूचा फोन आला की जायचं.

खरी गोष्ट अशी होती की मुलांची अरबी रिहाबने स्वतःच खर्ची घातली होती. सीरियातल्या अलेप्पोहून इथे आली तेव्हा तिच्याकडे दातांच्या कवळ्या बनवण्याचं प्रमाणपत्र होतं आणि रोमानियन भाषेचा एक शब्द नव्हता. प्रमाणपत्राला इथे मान्यता मिळायची तर भाषेची परीक्षा द्यावी लागणार होती. शिकवणी लावायला वेळ नव्हता, आणि घरात बालवाडीतून ताजी ताजी रोमानियन घेऊन येणारी दोन मास्तरं फुकट मिळाली होती. रिहाब त्यांच्याशी रोमानियनमध्ये बोलायची, ती तिच्या चुका काढून खिदळायची. आई परीक्षा पास झाली. मुलांची अरबी पास झाल्याच्या पेढ्यांबरोबर वाटली गेली म्हणायची. नवरा निझार मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून संध्याकाळी घरी यायचा, तो कुठल्याच भाषेत फारसं बोलण्याच्या अवस्थेत नसायचा.

आणि मग वसंतात निझारच्या आईला व्हिसा मिळाला.

उम्म निझार, म्हणजे निझारची आई, आतापर्यंत धाकट्या बासेलकडे मेर्सिनला राहत होत्या. त्या तीन महिन्यांसाठी येणार होत्या आणि बरं वाटलं तर कायमच्या राहणार होत्या. त्या "बरं वाटलं तर"वर रिहाबचं सगळं अडकलं होतं. ती अर्धवेळ काम करायची त्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या मालकीणबाई, रोदिकाबाई, तिला शरद ऋतूपासून पूर्ण वेळ घ्यायला तयार होत्या. पण मुलं दुपारी बारालाच घरी यायची. घरात आजी असेल तरच रिहाबला पूर्ण वेळ शक्य होता. सासूच्या प्रेमाने तिचा ऊर भरून आला होता हे खोटं नाही, पण त्या भरून येण्यात कवळ्यांचाही वाटा होता, हे ती स्वतःशी कबूल करायची. बासेलची मुलं घडाघडा अरबी बोलत. इथे आजी आली आणि नातवंडं तिच्याकडे परक्या बाईसारखी बघत बसली, तर ती इथे कशाला राहील?

"खाण्याचे शब्द शिकवते आधी," रिहाबने जाहीर केलं. "आजीचा आणि मुलांचा संबंध खाण्यावरूनच येणार."

"शिकव," निझार म्हणाला. त्याच्या मते विषय संपला होता.

पहिल्यांदा तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अरबी चिठ्ठ्या चिकटवल्या. मुलांना अरबी वाचता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा मसुराच्या सूपमध्ये 'मसूर' लिहिलेली चिठ्ठी शिजून निघाली होती. मग तिने अरबी कार्टून लावून दिली. आठवड्याभरात जूरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे माते, मजला क्षुधा लागली आहे. भाकरीचा एक तुकडा प्रदान कर." कार्टूनमधल्या राजपुत्रांची भाषा तशीच असते. निझारने हातातला चहा टेबलावर सांडला.

"ही मला माते म्हणतेय!" रिहाब म्हणाली.

"मला काल 'हे पित्या, द्वार बंद कर' म्हणाली," निझार म्हणाला. "आईला वाटेल आपण मुलांना मशिदीच्या मिनारावर वाढवलंय."

म्हणून टीव्ही बंद झाला आणि रिहाबने तिचा शेवटचा उपाय काढला. नाव सांगेल त्याला घास. जेवायला बसलं की वाट्टेल ते खा, पण त्याचं अरबी नाव सांगून. नाव नाही, घास नाही.

पहिल्या दिवशी तिने काट्याला चीजचा तुकडा टोचून तैमसमोर धरला.

"काय हे?"

"ब्रन्झा," तैम रोमानियनमध्ये म्हणाला.

"ब्रन्झा कोणाला मिळत नाही. काय हे?"

"ब्रन्झा!"

"जिब्ने. म्हण, जिब्ने."

तैमने भोकाड पसरलं. रिहाबने उदाहरण घालून द्यावं म्हणून मोठ्याने "जिब्ने" म्हटलं आणि तुकडा स्वतः खाल्ला. मग जूरीला शिकवताना ऑलिव्हचं उदाहरण घालून दिलं, मग काकडीचं, मग तळलेल्या वांग्याचं. असं आठवडाभर चाललं. त्या आठवड्यात मुलांपेक्षा आईचंच पोट जास्त शिकलं, आणि स्कर्टचं बटण बंद होईनासं झालं.

"भाषा शिकवतेयस की सर्कशीतल्या अस्वलांना नाचवतेयस?" निझार म्हणाला.

"अस्वलं तुमच्या घराण्याची आहेत. मी फक्त नाचवते."

पण उपाय लागू पडला. भुकेच्या पोटी तैमने एके दुपारी जिब्नेची मागणी केली. मग खुबझ म्हणजे भाकरी आली, ख्यार म्हणजे काकडी, झैतून म्हणजे ऑलिव्ह, बनदोरा म्हणजे टोमॅटो. जूरी हुशार. तिला "कमान" म्हणजे "आणखी" हा शब्द सापडला, आणि त्या एका शब्दावर ती फ्रिज रिकामा करू लागली. रिहाब ओळखीच्या प्रत्येकीला आपली पद्धत सांगत सुटली. इमारतीतल्या लिफ्टमध्ये भेटलेल्या एका रोमानियन आजीबाईंनाही तिने ती समजावली. त्या बिचाऱ्या चौथ्या मजल्याऐवजी सातव्यापर्यंत ऐकत गेल्या.

लौकरच नियमाचे पोलीस तयार झाले. एकदा रिहाबने ओट्यावरून हात पुढे करून "निझार, ती मरार द्या जरा" म्हटलं, तर जूरीने जुडी पाठीमागे लपवली.

"मरार कोणाला मिळत नाही. नाव सांग."

मरार हे शेपूचं रोमानियन नाव. शेपूची भाजी रिहाब गेली सात वर्षं ओबोरच्या बाजारातून आणत होती, सूपमध्ये, सॅलडमध्ये, लोणच्यात घालत होती, आणि तिचं अरबी नाव तिला आठवेना. तिने मैत्रिणीला, सुहैरला, फोन केला.

"मरार," सुहैर म्हणाली.

"अगं, अरबीत."

"अरबीतच तर सांगतेय. मरार." मग स्वतःच, "थांब हं. खरंच की. काय म्हणतात मरारला?"

दोघींच्या चाळीस-चाळीस वर्षांच्या अरबीत शेपू मिळाला नाही. त्या दिवशी घरात सूप बिनशेपूचं झालं, आणि मुलीच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते रिहाबला ओळखीचं वाटलं. काट्याला चीज टोचून बसलेली असताना तिच्या स्वतःच्या तोंडावर ते असायचं.

उम्म निझार आल्या तेव्हा बाजारात चेरी आल्या होत्या. विमानतळावर त्या करड्या लांब कोटात, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर आल्या. पिशव्यांमध्ये वाळवलेल्या वांग्यांच्या माळा, लाल मिरचीचं वाटण, आणि एक आख्खा डबा भरून झातर, म्हणजे रानओव्याचा आणि तिळाचा मसाला. बुखारेस्टमध्ये हे सगळं मिळतं असं निझारने फोनवर तीनदा सांगितलं होतं.

"मिळत असेल," त्या म्हणाल्या. "पण ते मी केलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीला रिहाबने मुलांना टेबलाशी बसवलं आणि नुसती भुवई उचलली. परीक्षा सुरू झाली.

"झैतून!" जूरी ओरडली.

"जिब्ने! ख्यार!" तैम म्हणाला. "बेद! बेद!" बेद म्हणजे अंडं. अंडं कालच पाठ झालं होतं.

उम्म निझारने दोन्ही हात गालांना लावले. "तुम्हीच मला मूठमाती द्या रे माझ्या सोन्यांनो!" त्यांच्याकडे लाडाचं याहून मोठं बोलणं नाही. त्यांचे डोळे भरून आले. रिहाबचेही आले. तिने मनातल्या मनात रोदिकाबाईंना होकार कळवला.

संध्याकाळी त्यांनी तैमला मांडीवर घेऊन विचारलं, "बाबा कुठे गेले रे राजा?"

"खुबझ," तैम म्हणाला.

"भाकरी आणायला?"

"बतातिस," म्हणजे बटाटा, असं म्हणून तैम मांडीवरून उतरला.

"आणि तू गं, शाळेत काय केलंस आज?"

जूरीने जरा विचार केला. "बामिये," ती म्हणाली. भेंडी. मग आजीचा चेहरा बघून तिने सुधारणा केली, "बामिये कमान."

"फार थट्टेखोर आहेत," रिहाब घाईने म्हणाली.

थट्टा दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी उम्म निझार काही विचारेनाशा झाल्या. मुलं शाळेतून आली की त्या त्यांच्या केसांवरून हात फिरवायच्या आणि बाल्कनीत जाऊन बसायच्या. समोरच्या फुटपाथवर एक बेकरी होती, दिवसभर तिच्या खिडकीतून गरम गोल पाव विकायची. त्या बेकरीकडे बघत बसायच्या. रिहाबला वाटायचं, त्यांना अलेप्पो आठवत असेल.

तशी सासू म्हणून त्यांच्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. कशात नाक खुपसायच्या नाहीत. जेवायला तर काहीच लागायचं नाही. रिहाब वाढायला पुढे झाली की म्हणायच्या, "नको पोरी. झालं माझं." रिहाब म्हणायची, "घ्या ना, मावशी." त्या म्हणायच्या, "अल्लाशपथ, पोट भरलं." रिहाब ताट उचलायची. पंधरा मिनिटांत तिला प्रयोगशाळेची ट्राम पकडायची असायची.

"पाखरासारखं खातात बिचाऱ्या," तिने सुहैरला सांगितलं. "तुला सांगते, अशी सासू लाखात एक."

एका सकाळी उम्म निझार बाल्कनीतूनच म्हणाल्या, "बासेल विचारत होता, परतीचं तिकीट कधीचं काढू."

रिहाब ताबडतोब बाल्कनीच्या दाराशी आली. "एवढ्यात कशाला, मावशी? मुलांना तुमची किती सवय झालीय."

"हो ना," उम्म निझार म्हणाल्या. "काल तैमने मला भोपळा म्हटलं."

रिहाबला वाटलं, चूक आपल्या लक्षात आलीय. शब्द कमी पडतायत. तिने उपायाची मात्रा दुप्पट केली. आता भाज्यांबरोबर फळं, फळांबरोबर मसाले. आपल्या दोषांचा शोध घ्यायला ती कधी घाबरत नसे. फक्त तो तिला हमखास चुकीच्या जागी सापडायचा.

शुक्रवारी सुहैरने उम्म निझारच्या मानाचं जेवण ठेवलं. घरातून निघताना मुलांचे बूट शोधता शोधता उशीर झाला, आणि रिहाब एक काम विसरली. अलेप्पोत कुठल्याही घराचा उंबरा ओलांडण्याआधी आई मुलांचा दंड पकडते, जरासा चिमटा काढते आणि दातांतून सांगते, "आत गेल्यावर काही मागायचं नाही. वाढलं तरी नको म्हणायचं. पुन्हा वाढलं तरी नको म्हणायचं." रिहाबच्या दंडाला ते चिमटे अजून आठवायचे. तिच्या मुलांच्या दंडांना असं काही ठाऊकच नव्हतं.

सुहैरने टेबल भरून मांडलं होतं. मुलांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, हीच ती मोठी परीक्षा, जिच्यासाठी आई गेले दोन महिने मेहनत घेत होती.

"मुहम्मरा!" जूरी ओरडली.

"घे गं माझ्या डोळ्यांच्या बाहुले!" सुहैरने अक्रोडाची लाल चटणी तिच्या ताटात घातली.

"यबरक!" तैम ओरडला. द्राक्षाच्या पानांतले भाताचे रोल त्याच्या ताटात गेले. "लबन!" दही गेलं. "खुबझ! झैतून! बामिये! कमान!"

यजमानीण म्हणजे यजमानीण. पाहुण्याने नाव घेतलं की ते त्याच्या ताटात गेलंच पाहिजे. सुहैर वाढत होती, तिचं हसू हळूहळू ताठ होत होतं, आणि तैमचं ताट आता डोंगरासारखं दिसत होतं. रिहाबने टेबलाखालून जूरीला पाय मारला. सुहैरच्या नवऱ्याने दचकून पाय आखडले आणि तिच्याकडे संशयाने बघितलं. रिहाबने डोळे वटारले. जूरीला वाटलं, आई आणखी शब्द विचारतेय. "रुझ!" ती म्हणाली. भात.

उम्म निझार मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

विषय बदलावा म्हणून सुहैरने मधला मोठा थाळा उचलला. त्यात तिची खासियत होती, डाळिंबाच्या रसात शिजवलेले किब्बे. खिमा भरलेले, दळलेल्या गव्हाचे गोळे. "हाज्जे," ती वयाचा मान ठेवून म्हणाली, "हे तुमच्यासाठी केलेत. घ्या."

"नको गं. झालं माझं," उम्म निझारने ताटावर हात ठेवला.

"अहो, माझ्या हातचे आहेत."

"हात सलामत राहोत तुझे. पण अल्लाशपथ, पोट भरलं."

तैम हे सगळं लक्षपूर्वक बघत होता. त्याने तोंडातलं यबरक गिळलं, खुर्चीवर उभा राहिला आणि आजीच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजला. चार वर्षांच्या मुलाची कुजबुज असल्यामुळे ती टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू गेली. "किब्बे. तेता, किब्बे."

आजीला काही कळेना. तैमने वैतागून सुहैरकडे बघितलं आणि खणखणीत रोमानियनमध्ये सांगितलं, "तिला नाव येत नाही. घरी पण येत नाही. म्हणून आई तिचं ताट उचलून ठेवते."

सुहैरचा नवरा पाण्याचा ग्लास शोधू लागला. निझारने बायकोकडे बघितलं. रिहाबने मिठाच्या डबीकडे बघितलं.

"काय म्हणाला माझा राजा?" उम्म निझारने विचारलं. त्यांना रोमानियन येत नव्हती.

सुहैरच्या घरचं यबरक आणि बामिये संपत आलं होतं, आणि तेवढं व्याज वसूल करणं तिचा हक्क होता. तिने भाषांतर केलं. "म्हणतो, घरी आजीला नाव सांगता येत नाही, म्हणून आजीला जेवायला मिळत नाही."

"छे, छे!" उम्म निझार ताठ झाल्या. "माझी सून मला दिवसभर खाऊ घालते! एवढं, एवढं वाढते!" ते एवढं दाखवायला त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि ताटावरचा हात उठला. तैमने संधी सोडली नाही.

"किब्बे," तो पुन्हा म्हणाला, आजीच्या गालावर बोट टोचून. "म्हण."

उम्म निझारने त्याच्याकडे बघितलं. मग थाळ्याकडे. मग आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, परक्या घरी, सगळ्यांदेखत, त्या म्हणाल्या, "किब्बे."

सुहैरने चार वाढले. त्यांनी चारही खाल्ले. रस भाकरीने पुसून घेतला. तैम शेजारी उभा राहून मास्तरासारखी मान हलवत होता. रिहाब बघत राहिली. पाखरासारखं खाणारी बाई जेवत होती, जणू आठवडाभराची भूक असावी तशी. आणि तेव्हा कुठे रिहाबच्या डोक्यात प्रकाश पडला की भूक खरोखरच आठवडाभराची होती.

परतताना निझार तैमला खांद्यावर घेऊन ट्रामच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. असे प्रसंग त्याला दुरून बघायला आवडत. जूरी आईच्या मांडीवर झोपली होती.

"मावशी," रिहाब हळूच म्हणाली, "तुम्ही उपाशी होता?"

"उपाशी कशाला? भाकरी असायची की. निझार संध्याकाळी चेरी आणून द्यायचा."

"पण मला सांगायचं नाही का?"

"सांगायचं? मी?" उम्म निझारने तिच्याकडे वळून बघितलं. "पोरी, मी नको म्हणायचे, तू घ्या म्हणायचीस. मी शपथ घ्यायचे. आता तिसऱ्यांदा तू आग्रह करायचा, शपथ मोडायची, आणि मी घ्यायचं. आख्खं जग असंच जेवतं. मी वाट बघायचे, आणि तू? तू ताट उचलायचीस!"

"मला वाटलं, नको म्हणजे नको."

"नको म्हणजे नको, असं कोण म्हणतं?"

रिहाबला उत्तर माहीत होतं. प्रयोगशाळेत सगळे म्हणतात. ती तिथे नवीन होती तेव्हा रोदिकाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कॉफी घेणार? रिहाब रीतीप्रमाणे नको म्हणाली, आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसली. बाईंनी मान डोलावली आणि त्या एकट्याच कॉफी प्यायल्या. आख्खा हिवाळा रिहाबने कॉफीच्या वासावर काढला. कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक तीन टेबलं ओलांडून तिच्यापर्यंत आला आणि एका "नको"वर परत गेला, तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. शेवटी शिकली, एकदा विचारलं की एकदाच हो म्हणायचं. आणि शिकली ती इतकी पक्की की स्वतःच्या सासूला रोमानियन रीतीने उपाशी ठेवून, ती किती कमी खाते याचं कौतुक गावभर करत फिरली. भाषेच्या परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले होते. हा विषय परीक्षेत नव्हता.

"मी सुहैरला सांगितलं होतं," ती म्हणाली, "की तुम्हाला खायला काही लागतच नाही."

उम्म निझारने कोटाचा कोपरा तोंडाला लावला. त्या रडतायत असं रिहाबला वाटलं. पण त्या हसत होत्या. खांदे हलेपर्यंत हसत होत्या, आणि ट्राममधली एक बाई त्यांच्याकडे वळून बघत होती.

"मी त्या बेकरीवाल्याला ओळखायला लागलेय," त्या म्हणाल्या. "तो मला खालून हात करतो."

रिहाबला हसू आलं नाही. बेकरीवाल्याला भूक दिसली होती, सुनेला अलेप्पो दिसलं होतं. बाई आता जाणार, ती मनात म्हणाली, आणि गेलीच पाहिजे. मी असते तर मीही गेले असते.

शनिवारी सकाळी मुलं झोपलेली असताना ती ओट्याशी बशा धूत होती. आतल्या खोलीत उम्म निझारने बासेलला फोन लावला. रिहाबने नळ बंद केला. चोरून ऐकणं वाईट, पण नळाच्या आवाजात काही ऐकू न येणं त्याहून वाईट.

"नाही रे, तिकीट काढू नकोस," उम्म निझार म्हणत होत्या. "कशी येऊ? इथलं तुला काय सांगू! मुलं परक्या घरात बसून एकेक पदार्थ मागतात. आजीला भोपळा म्हणतात. बाप कुठे गेला म्हटलं की भाकरी! खाण्यापलीकडे एक शब्द येत नाही. नाही, नाही, खाण्याचे सगळे येतात, तेवढं शिकवलंय तिने. पण नाही म्हणायला कोणी शिकवायचं? बसायला, उठायला, सलाम करायला?"

मग जरा वेळ बासेल बोलत असावा.

"ती? ती तर मुलांच्या पुढे. पाहुण्याला वाढायचं कसं हेच विसरलीय. तिला पण पहिल्यापासून शिकवावं लागणार. तुझ्या घरी काय, तुझ्या घरी सगळं नीट आहे. मी तिथे काय करू? भिंतीला टेकून बसू? हे सगळं निस्तरायला वर्षं जातील, बासेल. वर्षं!"

त्यांचा आवाज आज चांगलाच वर चढला होता. आल्यापासून त्या एवढ्या एका दमात बोलल्या नव्हत्या.

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या. रिहाब पाठमोरीच राहिली.

"ऐकलंस सगळं?"

"नाही, मावशी. थोडंसं."

"बरं झालं, दोनदा सांगायला नको. त्या दातांच्या कारखान्यात पूर्ण दिवस कधीपासून जायचंय तुला?"

"सप्टेंबरपासून. पण तुम्हाला जमणार असेल तरच..."

"जमणार असेल तर म्हणे. मुलांना बिघडवायचं तू आणि विचारायचं मला." त्यांनी टेबलावरची टोपली ओढली आणि भेंड्यांची देठं खुडायला बसल्या. "तोवर उन्हाळा आहे. पोरं उठली की आज त्यांना उंबऱ्यावर उभं करणार आहे. तू पण उभी राहा."

रिहाबने मान खाली घातली. इतकं सगळं ऐकून घेतलेल्या सुनेने खजील दिसायला हवं, हे तिला कळत होतं. तिने ओठ आवळले, भुवया खाली आणल्या, खूप प्रयत्न केला. पण चेहरा काही केल्या ऐकेना. शेवटी तिने नळ पूर्ण सोडला आणि धुऊन झालेल्या बशा पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेतल्या.